कमरेवरचे नऊशे ग्रॅम

१३ मार्च १९९६. सतरा जीव.

सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका. डनब्लेन नावाच्या स्कॉटिश गावातली शाळा, सकाळचा व्यायामाचा तास. ज्याने हे केले त्याच्याजवळची पिस्तुले परवान्याची होती. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ग्रेट ब्रिटनने कायदा करून सामान्य नागरिकाच्या हातातून पिस्तूल काढून घेतले. उरले ते मोजक्या पोलिसांच्या कमरेला, आणि त्यांच्यातल्याही काहींना ते असे बाळगावे लागते की शेजारून जाणाऱ्याला पत्ता लागू नये. समाजाने स्वतः नि:शस्त्र होऊन आपल्या वतीने थोड्यांना सशस्त्र केले आणि ते शस्त्र आपल्या नजरेआड ठेवावे अशी अपेक्षा धरली. हा व्यवहार विचार करण्याजोगा आहे. मात्र त्याला अस्तर, बटणे आणि कच्चे टाकेही लागतात, हे ईलिंगच्या सुप्रभा केळुसकर यांना कळले ते दहा वर्षांनी, २००६ च्या ऑगस्टमध्ये.

सुप्रभाबाई तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. परळमध्ये शिवण शिकलेली ही मुलगी १९७१ साली नवऱ्यामागून लंडनला आली. नवरा, दीनानाथ, बस चालवायचा. बाईंनी ॲक्टनच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षे पडदे शिवले. हॉटेलांचे, इस्पितळांचे, एका नाट्यगृहाचे. मग गुडघ्यांनी उभे राहायला नकार दिला, तेव्हा ईलिंगमधल्या एका ड्रायक्लीनरच्या दुकानामागची खोली भाड्याने घेऊन त्या कपडे दुरुस्त करू लागल्या. पँटी आखूड करणे, ब्लाउज उसवून मोठे करणे, साडीला फॉल लावणे. त्यांच्या खोलीत पाटी नव्हती. ज्याला गरज होती त्याला ती खोली सापडत होती.

सात ऑगस्टला, सोमवारी, तिथे स्वराली गुप्ते आली. वय सव्वीस, जन्म रीडिंगचा, उंच, सरळ पाठीची. हातात एक कोरे काळे जॅकेट, दुकानाची चिठ्ठी अजून तशीच.

"काकू, मला सांगितलं की तुम्ही काहीही फिट करता."

"काहीही नाही, माणसं फिट करते. बोल."

"हा जॅकेट... माझी कंबरेला एक इक्विपमेंट असतं. पूर्ण दिवस. ते दिसायला नको. अजिबात. आणि बसताना त्रास होतो."

"केवढं?"

स्वरालीने दोन्ही तळहातांनी हवेत एक आकार केला. आणखी काही सांगण्याची तिला मुभा नव्हती, आणि आणखी काही विचारण्याचा सुप्रभाबाईंचा स्वभाव नव्हता. दिवसभर कमरेला बांधायचे आणि कोणाला दिसू द्यायचे नाही असे उपकरण तरुण मुलीजवळ असेल तर ते आजारपणाचेच असणार, असे त्यांनी मनाशी ठरवले. आजारपणाचे खोदून विचारत नाहीत. त्यांनी टेप काढला, मापे लिहिली, आणि मुलीसाठी चहा केला. बिनसाखरेचा. स्वरालीने तो न बोलता प्यायला.

"शुक्रवारी ये," बाई म्हणाल्या. "आणि बाळ, जेवणाच्या वेळा सांभाळत जा."

चार दिवसांत त्यांनी जॅकेट उसवून पुन्हा जोडले. साडी नेसणाऱ्या बाईची लपवायची बाजू डावी. पदर डाव्या खांद्यावरून जातो. किल्ल्यांचा जुडगा, रुमाल, नोटांची घडी, सगळे डाव्या कमरेला पदराच्या आडोशाला राहते, आणि उजवी बाजू कामाला मोकळी. चाळीस वर्षे हाताला हेच वळण. सुप्रभाबाईंनी डाव्या बाजूला दीड इंच माया सोडली, आतून मऊ अस्तर लावले, बाहेरून रेषा अशी ठेवली की आत भाकरीचे गाठोडे ठेवले तरी कळू नये.

शुक्रवारी स्वरालीने ते चढवले आणि आरशासमोर उभी राहिली.

"इट्स ब्यूटिफुल, काकू. खरंच. पण ही जागा इकडे का?"

"मग कुठे?"

"उजवीकडे. मी राइट-हँडेड आहे."

"त्याला उजवा हात कशाला लागतो?"

"काढायला."

"ऊठसूट काढतेस? डॉक्टरांना चालतं?"

"कोण डॉक्टर?"

"तुझे. साखरेचे."

स्वरालीच्या चेहऱ्यावर उजाडले. "म्हणून त्या दिवशी चहा तसला होता!" ती स्टुलावर बसून हसू लागली, इतकी की मागच्या दारातून दीनानाथ बिस्किटाचा पुडा घेऊन डोकावले.

"काय झालं?"

"तुम्ही आत जा हो."

"आतच आहे. सदतीस वर्षं आतच आहे."

हसू आवरून स्वरालीने दार लावले आणि पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक सार्जंटच्या सहीचे, आता मिळालेले परवानगीचे पत्र आणि एक निळे रबरी पिस्तूल. ते सरावाचे होते. ढेकूणसुद्धा मेला नसता. तिने थोडक्यात सांगितले. ती पोलिसात आहे. ज्यांच्या जिवाला धोका आहे अशा पाहुण्यांच्या सोबत, साध्या कपड्यांत राहणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली आहे. या तुकडीतल्या बावीस जणांत ती एकटी बाई. कपड्यांची आणि शस्त्र काढण्याची तपासणी असते. पहिल्या खेपेला ती वाकली तेव्हा पिस्तुलाच्या मुठीचा उंचवटा दिसला. दुसऱ्या खेपेला हात अस्तरात अडकला. तिसरी आणि शेवटची तपासणी येत्या शुक्रवारी, अठरा तारखेला. तीत नापास झाली तर परत गणवेश, परत ठाणे, आणि शेऱ्यात एक ओळ.

सुप्रभाबाईंनी निळ्या वस्तूला हात लावला नाही.

"हे माझ्याकडे नको," त्या म्हणाल्या. "रागावू नकोस. माणसं मारायच्या वस्तूसाठी मी सुई धरणार नाही."

१९९६ च्या त्या मार्चमध्ये त्यांच्या यंत्रावर जवळच्या एका शाळेच्या नाटकाचे कपडे होते. कोंबडीची पिल्ले, पिवळी, वीस नग. पाच वर्षांच्या मुलाची छाती बावीस इंच भरते हे त्यांना पाठ होते. दुपारी रेडिओने डनब्लेन सांगितले तेव्हा त्यांच्या हातात बावीस इंचांचा एक पिवळा सदरा होता. तो त्यांनी पुरा केला, बाकीचेही केले, कारण मुले वाट पाहत होती. पण पिस्तुलांवर बंदी मागणारा सह्यांचा अर्ज वस्तीत फिरला तेव्हा, आयुष्यात कधी कशावर सही न केलेल्या बाईने तिथे सर्वांत वर सही केली.

स्वरालीने वाद घातला नाही. "ओके, काकू. मी समजू शकते," एवढेच म्हणून तिने जॅकेट उतरवायला हात मागे नेला, आणि तिचा श्वास अडखळला.

"काय झालं?"

"नथिंग."

"इकडे ये." बाईंनी शर्टाची कड चार बोटे वर सरकवली. उजव्या बरगडीवर लिंबाएवढा डाग होता, मधे जांभळा, कडेला पिवळा. "हे कशानं?"

"होल्स्टर. पिस्तुलाचं कव्हर. ते पुरुषांच्या बॉडीसाठी असतं, सरळ. माझी हिप खालचा भाग बाहेर ढकलते आणि मूठ बरगडीत घुसते. कारमध्ये चार-चार तास. बाकीच्यांना होत नाही. म्हणून मी सांगत नाही."

"किती दिवस?"

"मे महिन्यापासून. ट्रेनिंग सुरू झालं तेव्हापासून."

एका प्रकारच्या शरीराचे माप घेऊन वस्तू घडवायची, तिला प्रमाण म्हणायचे, आणि दुसऱ्या प्रकारच्या शरीराने ते दुखणे गुपचूप आपल्या अंगात जिरवायचे: ही रीत पोलिसांपुरती नाही, आणि इंग्लंडपुरतीही नाही. सुप्रभाबाईंनी या रीतीचा विचार अशा शब्दांत केला नसेल. त्यांनी पाहिले ते इतकेच की वाईट बेतलेल्या वस्तूने एका मुलीला तीन महिने टोचले आहे. चाळीस वर्षे माप घेतलेल्या हाताला ते पाहवले नाही. आपण कशावर सही केली होती याचा विचार त्यांनी नंतर, शिवता शिवता केला. कोणीही, मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तिथे पिस्तूल बाळगू नये, याच्यावर ती सही होती. ही मुलगी तर रोज संध्याकाळी ते परत करून गोळ्या मोजून देते. घरी नेण्याची तिला परवानगी नाही. या खोलीत आणायला रबराचा तुकडा, तोही पत्रासह.

"खरी वस्तू या दारातून आत येणार नाही," त्या म्हणाल्या.

"आणताच येत नाही, काकू."

"मग उभी राहा. आणि साखर किती घालू?"

"दोन," स्वराली म्हणाली.

रबराचे पिस्तूल हलके होते. खऱ्याचे वजन किती, हे त्यांनी विचारले. गोळ्यांसह नऊशे ग्रॅमच्या आसपास. तेव्हा दीनानाथांनी घरातला स्वयंपाकाचा काटा आणला, बाईंनी पडद्यांच्या कडेला घालतात ती शिशाची चपटी वजने डब्यातून काढली, आणि निळ्या रबराला ती गुंडाळून काटा नऊशेवर आणला. "आता कळेल कोट काय म्हणतो ते," त्या म्हणाल्या.

कोट बरेच काही म्हणाला. पँटचा पट्टा अरुंद होता, वजनाने उजवीकडे झुकत होता. तो बदलून रुंद, दुपदरी चामड्याचा घेतला आणि त्याला पँटवर दोन जास्तीच्या पट्ट्या शिवल्या. बरगडीचा इलाज बिस्किटांच्या जुन्या डब्यात सापडला. ऐंशीच्या दशकात बायकांच्या कोटांना जाडजूड खांदे असत. फॅशन गेली तशी बायका ते काढून घ्यायला येत, आणि टाकून देण्याचा स्वभाव नसल्याने सुप्रभाबाईंनी त्यातल्या गाद्या जपल्या होत्या. त्यांतली एक, जाड कड वर करून, पट्टा आणि होल्स्टर यांच्यामध्ये बसवली. होल्स्टरचा वरचा भाग अंगापासून सुटला, मूठ बरगडीवरून उठली, सगळे सरळ उभे राहिले.

"ओ माय गॉड," स्वराली म्हणाली. "काकू, टोचत नाही."

"माझ्या खांद्याच्या गाद्या तुझ्या कमरेला. कोणाचं काय कुठे लागतं!" ती गादी मराठी मंडळातल्या श्यामलाबाईंच्या कोटातली होती, हे त्यांनी सांगितले नाही.

पण सरळ उभी राहिलेली वस्तू बाहेरही जास्त येते. म्हणून काळे गुळगुळीत जॅकेट बाजूला पडले. ते अंगाला चिकटणारे, प्रकाश पडला की प्रत्येक उंचवटा सांगणारे. बाईंनी गडद करड्या रंगाचे, बारीक चौकटीचे, किंचित जड लोकरी कापड काढले. चौकटीत नजर फिरते, एका जागी थांबत नाही. उजवीकडे दीड इंच सैल, आणि डावीकडेही तेवढेच, कारण एका अंगाने ढगळ कोट पाहणाऱ्याला प्रश्न पाडतो. होल्स्टर घासेल तिथे आत रेशमी अस्तराऐवजी जाड सुती कापड. शिवणी इतक्या चपट्या की बोट अडकू नये. आणि उजव्या पुढच्या कडेत शिशाची दोन वजने, म्हणजे हाताने पल्ला मागे सारला की तो मागेच राहील, परत येऊन हातावर पडणार नाही.

दीनानाथांनी खुर्चीला दोरी बांधून गाडीचा पट्टा केला. "बस. आता ऊठ. असं नाही, घाईत ऊठ, दार उघडून. माझ्या बसमधले लोक बघितलेस का उतरताना?"

"अहो, ती पोलीस आहे, प्रवासी नाही."

"सीटवर सगळे प्रवासीच."

ती बसली, उठली, वाकली, बुटाची नाडी बांधली, वरच्या फळीवरून डबा काढला. काही दिसले नाही. तरी सुप्रभाबाईंचे समाधान होईना.

"गुरुवारी दुपारी हॉलवर ये," त्या म्हणाल्या.

श्रावण होता. त्या शनिवारी मंडळाची मंगळागौर कौन्सिलच्या हॉलमध्ये व्हायची होती आणि गुरुवारी दुपारी बायकांचा सराव होता. सहा-सात जणी, सगळ्या साठीच्या आसपास, सगळ्यांच्या पायांत खेळाचे बूट. झिम्मा झाला, पिंगा झाला. सुप्रभाबाईंनी स्वरालीला पुढे ढकलले.

"हिच्या कोटाची परीक्षा आहे. कोण फुगडी घालतं?"

"कोटाची परीक्षा फुगडीनं?" श्यामला कोटणीस म्हणाल्या. वय सहासष्ट, आवाज हॉल भरून उरणारा. "ये गं. धर हात. येते ना तुला?"

"आई घालायची किचनमध्ये, रीडिंगला. लहानपणी."

"मग पाय विसरत नाहीत. जुळव पाय, झोक दे मागं."

दोघी फिरू लागल्या. चौथ्या फेरीला सुप्रभाबाईंचा चेहरा पडला: शिशाच्या वजनांनी जॅकेटची उजवी कड छत्रीसारखी उचलली गेली आणि आतले निळे चमकले.

"थांबा, थांबा!"

"काय गं ते निळं?" श्यामलाबाई धापा टाकत म्हणाल्या. "मोबाइल का?"

"कामाची वस्तू आहे तिच्या. तू बस, पाणी पी."

सुप्रभाबाईंनी तिथेच, हॉलच्या पायरीवर, दातात टाचण्या धरून कड उसवली. दोनांचे एक वजन केले आणि ते कडेवरून काढून चार बोटे वर, खिशाच्या तळाशी शिवले. हात मारून पाहिला: पल्ला अजून मागे राहत होता. "पुन्हा," त्या म्हणाल्या.

श्यामलाबाईंना फार सांगावे लागले नाही. या वेळी बाकीच्या सगळ्या टाळ्या वाजवत भोवती उभ्या राहिल्या. स्वराली फिरत होती, केस सुटले होते, ती लहान मुलीसारखी ओरडत होती. कोट तिच्याबरोबर फिरत होता, फुगत होता, पण उघडत नव्हता. नऊशे ग्रॅम जिथे होते तिथेच राहिले. शेवटी श्यामलाबाईच धपकन खाली बसल्या.

"पास!" त्या म्हणाल्या. "कोट पास. मी नापास."

शुक्रवारी सुप्रभाबाईंनी एक पँट दोनदा चुकीची कापली. सव्वादोनला फोन वाजला.

"काकू?" फोनवर स्वराली होती. "त्यांनी मला बसवलं, पळवलं, दहा वेळा काढायला लावलं. मग सार्जंट माझ्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, 'व्हेअर इज इट?'"

सुप्रभाबाईंना एवढे इंग्रजी पुरेसे होते. त्या खुर्चीत बसल्या. "अहो," त्यांनी आत हाक मारली, "त्यांना सापडलं नाही!" दीनानाथ बिस्किटे घेऊन बाहेर आले, आनंद साजरा करण्याची त्यांची दुसरी पद्धत नव्हती.

संध्याकाळी स्वराली पेढे आणि पाकीट घेऊन आली. बाईंनी कोट दुरुस्त करण्याचा जो दर सर्वांना, तोच घेतला, वरचे परत केले.

"असं नाही, काकू. मला तुम्हाला काहीतरी द्यायचंय."

"मग उद्या मंगळागौरीला ये. कालची फुगडी कोटाची झाली. तुझी एक राहिली. कमरेला काही नसताना."

"उद्या माझी पहिली ड्यूटी आहे."

"मग पुढच्या श्रावणात. देणं राहिलं, लक्षात ठेव."

पुढच्या दोन वर्षांत त्या खोलीत आणखी चार तरुण बायका आल्या, कोणी शीख, कोणी वेल्श, प्रत्येकीच्या बरगडीवर तोच डाग. सुप्रभाबाईंचा खांद्याच्या गाद्यांचा डबा रिकामा झाला तेव्हा त्यांनी नवीन शिवायला घेतल्या. २००७ च्या श्रावणात स्वराली परदेशी होती. २००८ मध्ये मंडळाच्या मंगळागौरीला एक परदेशी मंत्रीबाई पाहुण्या म्हणून आल्या, आणि त्यांच्यामागे तीन पावलांवर, करड्या बारीक चौकटीच्या जॅकेटमध्ये, स्वराली.

सुप्रभाबाई दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी उजवी कमर पाहिली. आपणच बेतलेली, आपणच शिवलेली, आत काय आहे ते पक्के ठाऊक असलेली. खूप वेळ पाहिली. त्यांना काही सापडले नाही. त्यांचा चेहरा जो उजळला तो पाहून दीनानाथांनी विचारले, "काय गं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरे होते.

श्यामलाबाईंनी मात्र पोरीला ओळखले आणि हात धरून ओढू लागल्या. "ये की गं, कोटाची फुगडी!"

"ड्यूटीवर आहे, मावशी." स्वराली हसली; डोळे हॉलभर फिरत राहिले. एकदाच ते सुप्रभाबाईंवर थांबले आणि पुढे गेले.

२००९ चा श्रावणही गेला. शिलाई चुकती आहे, पेढे पोचले आहेत. स्वराली गुप्तेकडून एक फुगडी येणे बाकी आहे.